अंधारसम्राटाची मूठ

माझ्या बाबांना खलनायकाची भूमिका मिळाली, हीच मुळात विज्ञानकथा होती.

माझे बाबा, देवीदास, हे हिवरखेडमधलं असं पात्र आहे की त्यांच्या वावरात शिरलेली शेजाऱ्याची म्हैससुद्धा निवांत चरते. बाबा तिला हाकलत नाहीत, समजावतात. म्हशीचं एक वेळ जाऊ द्या. शेजारी पंजाबराव दर नांगरणीला आमच्या आणि त्यांच्या वावरामधला धुरा, म्हणजे बांध, एकेका सरीनं आमच्याकडे सरकवतात. मी शाळेत होते तेव्हा धुऱ्यावरची बाभूळ आमच्या बाजूला होती. आता ती त्यांच्या हरभऱ्यात उभी असते. आई बोलली की बाबांचं उत्तर ठरलेलं, "जाऊ दे वं, बाभूयच तं हाये."

यंदा नवरात्र मंडळानं अंतराळातलं नाटक बसवलं. मंडळाचे अध्यक्ष पंजाबराव, मंडप त्यांचा, भोंगे त्यांचे, तेव्हा पृथ्वीचा रक्षक दुसरं कोण होणार? नाटक लिहिलं त्यांच्या पुतण्यानं, पियुषनं. तो अमरावतीला शिकतो, त्यामुळे त्याच्या अंतराळात हवा नसली तरी भाषणं भरपूर असतात. अंधारसम्राट व्हायला मात्र कोणी तयार होईना, कारण शेवटी पंजाबरावांच्या पायाशी तलवार ठेवायची होती. ज्याला नाही म्हणता येत नाही असा गावात एकच माणूस, तो पियुषनं बरोबर शोधून काढला.

मी अकोल्यात थ्रीडी प्रिंटरवर वस्तू बनवते. मोठ्या शहरांतली, वयानं वाढलेली मुलं माझ्याकडून अंतराळातल्या तलवारींच्या मुठी करून घेतात. नायकाची मूठ सोपी असते, स्टीलच्या तांब्यासारखी गुळगुळीत केली की झालं. दुष्टांचे लाड फार. त्यांना काळा रंग लागतो, काटे लागतात, लाल दिवा लागतो, आणि पाहताक्षणी समोरच्याच्या पोटात गोळा यावा लागतो.

बाबांचा फोन आला. "आकांक्षा, मले एक मूठ बनवून दे. अशी, का पाहणारा भेला पाहिजे."

फोन ठेवता ठेवता म्हणाले, "एकडाव तरी."

मला फार वाईट वाटलं. हाताशी असलेली सगळी कामं मी बाजूला सारली.

पहिलं चित्र पाठवलं. काटे असे की बघूनच रक्त यावं. बाबा म्हणाले, "हे कोनाले लागतीन ना?"

"लागावे म्हणूनच असतात, बाबा."

"मंग बोथड कर."

दुसऱ्या चित्रात मी कवट्या घातल्या. ते म्हणाले, "लेकरं भेतीन." मी वैतागले. म्हटलं, "मग भ्यायचं कोणी?" बाबा हळूच म्हणाले, "पंजाबभाऊ भेला तं पुरे."

त्यानंतर मी काम मनावर घेतलं. मुठीची जाडी बाबांच्या डवऱ्याच्या रुमण्यावरून, म्हणजे कोळप्याच्या दांड्यावरून घेतली, कारण त्यांच्या हाताला तेवढंच धरता येतं. माथ्याला वाळलेल्या बोंडाची टोकं दिली. कापूस वेचताना बोटं सोलून काढणारी ती टोकं आमच्याकडे कोणाला ओळखीची नाहीत? तीच दहापट मोठी केली, काळी केली, आत लाल दिवा ठेवला आणि वर दुधी प्लास्टिकची लांब नळी बसवली. वस्तू अशी झाली की मीच ती रात्री कपाटात ठेवायला लागले. आईनं फोटो पाहून एवढंच विचारलं, "याले कडी नाई का? नाटक झाल्यावर फडकं टांगता आलं असतं." मी कडी लावून दिली. खलनायकाच्या मुठीला फडक्यासाठी कडी असलेला हा बहुधा पहिलाच नमुना.

नाटक खंडेनवमीला संध्याकाळी होतं, मी मूठ घेऊन गावी आले. त्या दिवशी आई घरातली सगळी हत्यारं पुजते. विळा, कुऱ्हाड, वखराची पास, अडकित्ता असे पाटावर मांडलेले होते, आणि त्यांच्यामध्ये हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल बांधून बसला होता माझा विश्वसंहार.

"आई, हे खोटं आहे गं."

"हत्यार हाये ना? मंग झालं." मग बाबांकडे वळून ती म्हणाली, "नाटकात धरा, पन खाली ठेवू नोका. कोनाच्या पायापाशी तं बिलकूल नाई. पुजलेली हाये."

बाबांनी मान हलवली. ते मान नेहमीच हलवतात, म्हणून मीही लक्ष दिलं नाही.

बाबा रंगमंचावर आले तेव्हा काळ्या झग्यात, लाल उजेडात ते खरंच कोणीतरी दुसरे वाटले. मुठीवरचं कुंकू दिसताच पहिल्या रांगेतल्या माणिकबाईंनी हात जोडले, तेवढी भीती कमी झाली. लढाई झाली. चंदेरी हेल्मेटमधले पंजाबराव गरजले, "टाक ती तलवार माझ्या पायाशी."

बाबा उभेच.

"काका, ठेवा ना खाली," पियुष पडद्याआडून कुजबुजला.

"पुजलेली हाये. पायापाशी नाई ठेवता येत," बाबा म्हणाले. छातीवर माईक असल्यामुळे ते अख्ख्या हिवरखेडनं ऐकलं. माणिकबाई म्हणाल्या, "बराबर हाये." मागून चार माणसं म्हणाली, "बराबर हाये." पंजाबरावांनी सकाळी स्वतःचा ट्रॅक्टर पुजला होता, त्यांना तरी काय बोलता येणार? पृथ्वीच्या रक्षकानं दबक्या आवाजात वाट काढली, "मंग असाच मांगं सरक, अन् आत जाय."

बाबांनी मुठीवरचा हात घट्ट केला.

"म्या आजलोक मांगंच सरकून राह्यलो," ते म्हणाले. "आता तुमी सरका. बाभूय आमची हाये, पंजाबभाऊ."

पियुषनं घाईघाईनं पडदा ओढला, आणि पृथ्वीचं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकानं बाबांच्या अभिनयाचं कौतुक केलं. बाभळीचं नाव कोणी काढलं नाही. आपल्याकडे खरं बोललेलं पचवायची हीच रीत आहे. मी अकोल्याला परतले आणि मनात म्हटलं, झालं, हौस फिटली.

सोयाबीन निघालं. हरभऱ्यासाठी नांगरणी सुरू झाली तेव्हा आईचा फोन आला. पंजाबरावांचा ट्रॅक्टर धुऱ्यावर आला होता आणि बाबा जाऊन बाभळीखाली उभे राहिले होते. कोणाला काही बोलले नाहीत, नुसते उभे. पंजाबरावांनी बराच वेळ इंजीन चालू ठेवलं, आणि मग ट्रॅक्टर बाभळीच्या पलीकडून, त्यांच्याच बाजूनं वळवला.

मला राहवलं नाही. "मूठ नेली होती का गं त्यांनी?"

"कायची मूठ," आई म्हणाली. "थे तं इथं चुलीपाशी हाये. फडकं टांगलं हाये तिले."