वाट बंदचा दिवस

आमचे हे नाकासमोर चालणारे आहेत, हे लग्नाआधी मला गुण म्हणून सांगितलं गेलं होतं. ह्यांचा धंदा नकाशे काढण्याचा. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी पेन्सिलीची खूण, मग फूटपट्टी, मग पुन्हा फूटपट्टी, आणि तोवर मी तसबीर दाराला टेकवून दुसऱ्या कामाला लागलेली असायची. टेकडीवर फिरायला येणारी मंडळी ह्यांना पट्टीकाका म्हणतात. मी घरात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

टेकडी आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. पाण्याच्या टाकीला वळसा घातला की एक लोखंडी फाटक लागतं, फाटकाच्या आत दोनशे दहा पावलं खाजगी जमीन, आणि मग मोकळी वाट थेट माथ्यापर्यंत. दोनशे दहा हा आकडा अर्थातच ह्यांचा. ती जमीन रोपवाटिकावाल्या आजोबांची. त्यांच्या हयातीत फाटकाला कडी होती, कुलूप नव्हतं. आजोबा गेले आणि जमीन त्यांच्या मुलाकडे आली. मुलाचा आमच्याच गल्लीत दातांचा दवाखाना आहे. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी आम्ही फाटकापाशी पोचलो, तर कडीला मुठीएवढं कुलूप.

ही वाट आमच्या घरासाठी काय आहे, ते आधी सांगायला हवं. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी ह्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि हाताने नकाशे काढणाऱ्या सगळ्यांना एका महिन्यात घरी बसवलं. हे खरोखरच बसले. हातांची लाकडी खुर्ची होती, ती भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आठ महिने तिच्यात बसून राहिले. मी शाळेच्या ऑफिसात कामाला जायची, संध्याकाळी परत यायची, तेव्हा हे तिथेच. रेडिओ नाही, पेपर नाही. जेवायला हाक मारली की जेवायचे. मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी हात टेकले. एका रविवारी मात्र माझा संयम सुटला. मी चपला ह्यांच्या पायापुढे आपटल्या आणि म्हटलं, निदान त्या टेकडीवर तरी जाऊन या, मला घर झाडायचंय. दोन तासांनी परत आले आणि दारातच म्हणाले, "त्या वाटेवरच्या चौदा पायऱ्या वाकड्या आहेत."

कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य ऐकलं होतं. मी आत जाऊन पदराने डोळे पुसले आणि बाहेर येऊन विचारलं, मग सरळ कोण करणार?

दुसऱ्याच दिवशी हे आजोबांकडे गेले. जमीन त्यांची, तेव्हा पायरीला हात लावण्याआधी विचारायला नको का, हे ह्यांचं म्हणणं. आजोबांना गंमत वाटली. त्यांनी खुशाल करा म्हणून सांगितलं. तेवढ्यावर दुसरा कोणी कुदळ घेऊन निघाला असता. ह्यांनी एक दिवस ठरवला, पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात पाटी रंगवली, ‘मालकांच्या परवानगीने वाट आज दुरुस्तीसाठी बंद’, ती फाटकाला टांगली आणि वहीत तारीख घालून खाली आजोबांची सही घेतली. मग दर वर्षी, थंडी ओसरली की एक रविवार, वाट बंदचा दिवस. आधी हे एकटे, मग शेजारपाजारचे दहा-बाराजण फावडी घेऊन यायला लागले. वर्षातले बाकीचे सगळे दिवस कोणीही यावं, कोणीही जावं. शाळेतली पोरं जायची, बाळंतपणानंतर पोट उतरवायला बायका जायच्या, भांडलेली जोडपी वर जाऊन गप्प बसायची आणि बोलत खाली उतरायची. ती खुर्ची तेवढी आमच्या माळ्यावर गेली.

आणि कुलूप लागल्याच्या चौथ्या दिवशी ह्यांनी ती माळ्यावरून खाली काढली. म्हणाले, बघतो, पाय डुगडुगतो का. पाय डुगडुगत नव्हता. संध्याकाळी खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. दुसऱ्याच दिवशी सगळी फिरणारी मंडळी आमच्या बाहेरच्या खोलीत गोळा केली. त्यांत एक निवृत्त वकीलबाई आहेत, दोन्ही गुडघे बदललेल्या आणि जीभ मात्र मूळची. त्यांनी सांगितलं की आमच्या नगरपालिकेचा नियम सोपा आहे. लोकांनी एखादी वाट सलग वीस वर्षं उघडपणे, कोणाला न विचारता आणि मधे खंड न पडता वापरली असेल, तर ती लोकांची. मालकाला तिला कुलूप घालता येत नाही. आपली तर बावीस वर्षं झाली, असं म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या. चहाचे कप वाजले. हेसुद्धा खुर्ची वळवून बसले होते. माझ्या एकटीचा कप भरलेला राहिला. कोणाला न विचारता आणि मधे खंड न पडता. ह्यांनी दर वर्षी विचारलं होतं आणि दर वर्षी खंड पाडला होता. शिवाय त्याची वही ठेवली होती, मालकाच्या सहीनिशी.

मंडळी गेल्यावर हे अंघोळीला गेले, तेवढ्यात मी कपाटातून ती वही काढली आणि शिलाई मशीनच्या झाकणाखाली सारली. मला लाज वाटली का? वाटली. पण खुर्चीची भीती जास्त होती. हे त्या वहीबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, चला, आयुष्यात एकदा तरी ह्या माणसाला शहाणपण सुचलं.

वकीलबाईंनी आम्हा सगळ्यांच्या वतीने अर्ज केला. सुनावणी नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर होती. अधिकारी बाई तरुण होत्या, टेबलावर फायलींचा ढीग आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून कागदांवर स्टेपलर ठेवलेला. दंतवैद्य एका बाजूला बसला होता, मान खाली. त्याच्या वकिलाने ह्यांना दोनच प्रश्न विचारले. वाट कधी बंद असायची का? आणि ती बंद करताना मालकांची परवानगी घेत होतात का?

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी चष्मा सारखा केला.

"दर वर्षी एक दिवस," हे म्हणाले. "परवानगी घेऊनच. तारखा सांगू?"

आणि सांगितल्या. बावीसच्या बावीस, पहिल्यापासून, उजळणी म्हणावी तशा. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. अधिकारी बाईंनी विचारलं, याची काही नोंद आहे का? हे माझ्याकडे वळले, आवाजात राग नाही, टोमणा नाही, आणि म्हणाले, "वही शिलाई मशीनच्या झाकणाखाली आहे. हिला घरी जाऊन आणावी लागेल."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वही मीच आणली आणि माझ्याच हाताने टेबलावर ठेवली.

परतताना मी दहा पावलं पुढे चालत होते. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, ऑफिसने ह्यांना घरी बसवलं तेव्हासुद्धा नाही. बारा-पंधरा कुटुंबांचा जीव टांगणीला लागलेला आणि हा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो, तोही मापून. टाकीपाशी ह्यांनी मला गाठलं.

"त्यांनी विचारलं गं," हे म्हणाले. "आजोबांची सही आहे तिच्यावर. मी नाही कसं म्हणू?"

मी पुन्हा दहा पावलं पुढे गेले. निकाल आठवड्याने आला, एका परिच्छेदाचा. अर्ज नामंजूर. हे तो वाचून, घडी घालून, खिशात ठेवून खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. वकीलबाई येऊन गेल्या, त्यांच्याशी बोलले नाहीत. मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटायची, म्हणजे निदान ओरडतील. ओरडले नाहीत. माझा राग कधी संपला आणि धास्ती कधी सुरू झाली, मला कळलं नाही.

बाराव्या दिवशी माझी दाढ ठणकायला लागली. आता गल्लीत दाताचा दवाखाना एकच. दोन दिवस मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, शत्रूच्या दारात जायचं नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी गाल टोमॅटोसारखा झाला आणि मी नाक मुठीत धरून त्याच्या खुर्चीत आडवी झाले. त्याने काही न बोलता दिवा ओढला, सुई दिली, तोंडात दोन्ही बाजूंना कापूस कोंबला आणि लाळ ओढणारी नळी ओठाला अडकवली. माझं तोंड जन्मात पहिल्यांदा उघडं असून बंद होतं. बहुतेक तो त्याच वेळेची वाट बघत होता, कारण मग तो बोलायला लागला.

"काकू, मला माहितीय तुम्ही मला काय काय म्हणता. गल्लीतले सगळे पेशंट येऊन सांगतात."

मी भुवया उडवल्या. तेवढंच शक्य होतं.

दाढ कोरता कोरता त्याने सांगितलं, की गेल्या पावसाळ्यात एक बाई त्या पायऱ्यांवरून घसरली, तेव्हा त्याने स्वतः तिला उचलून खाली आणली होती. तिने तक्रार केली नाही, पण वकिलाने त्याला घाबरवून सोडलं. उद्या वाट लोकांची ठरली तर जमीनही जाईल आणि कोणी पडलं तर बोट तुमच्याकडेच, असं त्याच्या डोक्यात भरवलं. त्याने कुलूप घातलं. त्यानंतर त्याला रात्रीची झोप नीट लागत नव्हती, हे त्याने दोनदा सांगितलं.

"निकालानंतर नगरपालिकेतून मी ती वही वाचायला मागून घेतली," तो म्हणाला. "बाबांनी मला कधी सांगितलंच नाही. मला वाटायचं, लोक आमच्या जमिनीवरून फुकट जातात आणि बाबा भिडेखातर गप्प बसतात."

त्याने हातातलं यंत्र बंद केलं. मग सांगत गेला, वहीत ह्यांनी प्रत्येक वर्षी कोण आलं, कोणी काय केलं, सगळं लिहिलेलं. आजोबांनी सहा पायऱ्यांना दगड दिले. आजोबांनी फाटकाच्या आत कडुलिंब लावला. एका वर्षी नोंद होती, आजोबांना आता चढवत नाही, फाटकाशी बसून येणाऱ्यांना परत पाठवलं. शेवटच्या वर्षीची सही पानावरून खाली घसरलेली आणि खाली ह्यांचं वाक्य, सही वाकडी आली म्हणून आजोबा ओशाळले, मी म्हटलं चालेल. माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात वाकडी रेघ चालवून घेतलेली मला माहीत नव्हती. दाढ बधिर होती, तरी डोळ्यांतून पाणी आलं. त्याला वाटलं दुखलं. मी मानेने नाही म्हटलं.

मग त्याने मला विचारलं, काका पुन्हा तो दिवस पाळतील का? वर्षातून एक दिवस वाट त्याच्या परवानगीने बंद, वहीत तारीख, खाली त्याची सही. तेवढं झालं तर जमीन त्याचीच राहते, असं त्याने वकिलाकडून लिहून घेतलं होतं. मग बाकीचे दिवस फाटक उघडं ठेवायला त्याची काही हरकत नाही. कुलूप तो आजच काढतो. आणि त्या घसरड्या पायऱ्यांचं काहीतरी काकांनीच करावं.

म्हणजे जी वही अर्ज बुडवायला कारण झाली, तिच्याच जोरावर वाट उघडत होती. मी लपवली होती ती. मला बोलायचं खूप होतं, पण तोंडात कापूस. मी नुसता त्याचा हात धरला.

घरी येऊन मी अर्ध्या बधिर तोंडाने सगळं सांगितलं. पहिल्यांदा ह्यांना कळेना. दुसऱ्यांदा सांगितल्यावर हे खुर्चीतून उठले, टेबलाचा खण उघडला आणि विचारलं, "घसरड्या पायऱ्या किती, म्हणाला का तो?" मग थोड्या वेळाने, पाठमोरेच, म्हणाले, "वही लपवलीस त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. कशासाठी लपवलीस ते कळलं होतं."

मी म्हटलं, मला वाटलं होतं. आणि खणातली फूटपट्टी काढून ह्यांच्या हातात दिली.

वाट बंदचा तेविसावा दिवस गेल्या रविवारी झाला. दंतवैद्याला फावडं धरता येत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं. दगड उचलायला मात्र तो तयार होता. सकाळी निघताना हे मला म्हणाले की आजोबा नाहीत, तेव्हा फाटकाशी बसून लोकांना परत पाठवायला कोणीतरी तोंडाळ माणूस हवं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मग भिंतीजवळची खुर्ची उचलून डोक्यावर घेतली आणि गल्लीतून टाकीपर्यंत तशीच नेली. मी पाटी हातात घेऊन मागून चालत होते.

दहाच्या सुमाराला धावायचे बूट घातलेला एक अनोळखी मनुष्य आला. त्याने पाटी वाचली आणि माझ्यावर तापला. ही वाट सगळ्यांची आहे, ती बंद करणाऱ्या तुम्ही कोण, असं म्हणाला. एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी मी खुर्चीत नीट टेकून बसले आणि म्हटलं, "सगळ्यांचीच आहे. उद्या या."

संध्याकाळी वहीत सही झाली, सरळ. खुर्ची आम्ही घरी आणली नाही. ती फाटकाच्या आत, कडुलिंबाखाली ठेवून आलो.