खुर्चीवरचे खंड
त्या शुक्रवारी बाबा पाचव्या खंडाला पुठ्ठा चिकटवत होते. ते बुकबाइंडर. आईवडिलांकडून आलेल्या एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे त्यांच्या स्नायूंत साठलेली साखर मोडत नसे, आणि चाळिशीनंतर मांड्यांतला जोर ओसरत गेला. खुर्चीतून उठणं जड झालं तेव्हा त्यांनी कुणाचा हात मागितला नाही. रद्दी कागद बांधून एक जाड खंड केला आणि त्यावर बसू लागले, कारण उंचावरून उठणं सोपं जातं. जोर आणखी घटला की नवा खंड.

“नाव काय घालताय?” मी विचारलं.

“ऊठबस, खंड पाचवा. वाचक एकच, तोही वर बसलेला.”

“आता पाय जमिनीला टेकायचे नाहीत तुमचे.”

“मग पायाखाली परिशिष्ट घालू.”

आजार श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला होता. शनिवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

आज तो खंड मी खुर्चीवर ठेवला. निदान होण्याआधी, सोळाव्या वर्षी, मी त्यांना आळशी म्हणाले होते. तो विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही.

“बाबा, मी चुकले,” मी मोठ्याने म्हणाले. “तुमच्याइतके कष्ट घेऊन उभं राहणारं माणूस मी पाहिलं नाही.”