उतरलेलं वजन कुठे जातं

मित्रांनो, माणसं ज्याच्यावर उभी राहतात आणि मग ज्याच्यावरच चिडतात, असा मी एक जुना वजनकाटा आहे. गोल तबकडी, तिच्यात लाल सुई, पायाखाली खाचांचं काळं रबर आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. कारखान्यात माझ्यावर लोखंडी मापं ठेवून पाहिली, तेव्हा कारागीर म्हणाला, "हा खोटं बोलायचा नाही." त्या कौतुकाने मी फुगलो खरा, पण पुढे जन्मभर ते निभवावं लागलं.

बरीच वर्षं मी एका दवाखान्यात होतो. आकडा पाहून लोक चष्मा काढत, किल्ल्या काढत, वर म्हणत, "आज जरा जेवण जड झालंय." दवाखाना बंद झाला आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. तिथून मला एक बाई घरी घेऊन गेली. ती बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढायची. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो.

भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. मशीनवर रक्त स्वच्छ करून घेऊन तो दिवस ढकलत होता. ताईची किडनी त्याला जुळत होती. पण डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. पंचवीस किलो उतरवा. हळूहळू, आणि उतरलेलं टिकवा."

ताईने मला स्वयंपाकघराच्या दारासमोर भिंतीशी ठेवलं. तिने काही मोठी प्रतिज्ञा केली नाही. रोज एखादंच छोटं 'नाही' म्हणायची. लिफ्टला नाही, चहातल्या साखरेला नाही. बेकरीत संध्याकाळी मोडलेल्या केकचे तुकडे कामगारांनी वाटून न्यायची रीत होती. ताई आपला वाटा मैत्रिणीला देऊन रिकाम्या हाताने घरी येई. सकाळी माझ्यावर उभी राही. उजवा गुडघा दुखायचा, म्हणून तिचा भार नेहमी डाव्या टाचेवर असे.

तिचे पहिले दोन किलो उतरले, त्याच दुपारी ते घडलं. ताई कामावर होती, आई आत झोपली होती, दाराला कडी होती. माझ्यावर कुणीतरी उभं राहिलं. पाय दिसले नाहीत. ऊब नव्हती. रबर मात्र दबलं आणि सुई दोनावर जाऊन थांबली. मला वाटलं, म्हातारपणी माझी स्प्रिंग चळली.

पण मग ते रोज येऊ लागलं. ताई घटत गेली तसं ते वाढत गेलं. पाच झालं, नऊ झालं. भार नेमका डाव्या टाचेवर असायचा. तेव्हा मला कळलं, मित्रांनो, की उतरलेलं वजन कुठेही जात नाही. ते घरातच भिंतीला टेकून राहतं आणि परत बोलावण्याची वाट बघतं. मला त्याची फार भीती वाटायची.

पुढे सुई अडली. कितीतरी आठवडे एकच आकडा. तिकडे भावाचे पाय सुजू लागले, आवाज बारीक झाला. एका सुट्टीच्या दुपारी ताईने बेकरीतून आणलेला तुकड्यांचा डबा उघडला. "महिनाभर तेच, आई. सगळं सोडलं, जिने चढून गुडघे गेले. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"नको होऊ दे," आई म्हणाली. "खा तू."

त्याच क्षणी ते माझ्यावर चढलं. रबर करकरलं. दोघींनी वळून पाहिलं. मी रिकामा होतो आणि माझी सुई वर सरकत होती. ती अठरावर थांबली आणि तिथेच राहिली.

ताईचा हात डब्यावरच थिजला. तिने सुईखालचा आकडा पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "आई, अठरा किलो. एवढं मी उतरवलंय."

"मी रोज तुझ्या भाजीत लोणी घालत होते," आई म्हणाली. "त्याला वाचवायला तुला कापू देणं माझ्याने होईना. वाटलं, वजनच उतरलं नाही तर निदान एक लेकरू तरी धडधाकट राहील."

ताई रागावली असती तर मला नवल वाटलं नसतं. तिने फक्त डब्याचं झाकण लावलं. "त्याला पाणीसुद्धा मोजून देतेस ना, आई? मलाही तसंच मोजून वाढ."

मग ती आली आणि तिने माझ्यावर पाय ठेवला. रबर बर्फासारखं गार होतं, तरी तिने पाय काढला नाही. माझ्यावर पायांच्या एकाच जोडीपुरती जागा आहे. दुसरं जे होतं ते मागे सरकलं. "तू थांब तिथेच," ताई मान न वळवता म्हणाली. "आजचं मी बघते."

सुई पुन्हा उतरू लागली. ऑपरेशनच्या दिवशी घर रिकामं होतं आणि ते दिवसभर माझ्यावर उभं होतं, पुरते पंचवीस किलो. मी जीव मुठीत धरून होतो. पण भाऊ वाचला. अंगावर मूठभर मांस चढलं तेव्हा तो माझ्यावर उभा राहिला, आणि आईने खात्री करायला त्याला दोनदा उभं केलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

आता गरज सरो, वैद्य मरो. मी चपलांच्या फळीखाली आहे. ताई कधी आठवड्याने येते, कधी विसरते. ते मात्र विसरत नाही. परवा दुपारी ते फळीखाली वाकून माझ्यावर टेकलं, तेव्हा सुई चोवीसवरच थांबली. तो एक किलो कुठे गेला, हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं रोज थोडंथोडं उतरवत असेल, तर त्याला चिडवू नका आणि प्रेमापोटी आग्रहही करू नका. माझ्यासारखा एखादा जुना काटा पडला असेल तर तो पुसून उजेडात ठेवा. आणि कुणाला ही ताई भेटली, तर तिला एवढं सांगा, की मला बाहेर काढ. तिच्या पोटात आता एकच किडनी आहे, आणि तिला स्वतःचा आणि त्या उतरलेल्या ताईचा, असा दोघींचा भार पेलणार नाही.