राजवाडा आधी

कधी जावे

थंडी सरता सरता, असं सगळे सांगतात. त्या दिवसांत नदीवरचं धुकं विरलेलं असतं, जुन्या तटबंदीवरून चालता येतं आणि गर्दीही बेताची असते. आशियातल्या जुन्या राजधान्यांमध्ये एवढा मोठा राजवाडा दुसरा नाही, असं पर्यटकांच्या पत्रकात छापलेलं असतं.

तिला मंगळवारी जायचं होतं. तिथल्या सरकारी ऑफिसातल्या माणसाने फोनवर मंगळवार दिला होता.

ती म्हणजे दातवाली. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवायची, आणि गल्लीत तिला दुसरं नाव उरलं नव्हतं. घरात दोघीच, ती आणि आई. धाकटा भाऊ राजधानीत. तिथे तो पर्यटकांना राजवाडा फिरवून दाखवायचा. बोलायला असा वस्ताद की ऐकणाऱ्याला वाटावं, राजाच्या पंगतीला हा रोज जेवायला असायचा.

तो राहायचा त्या इमारतीला आग लागली होती. भाड्याच्या खोल्या, एकच जिना, खिडक्यांना गज. आत कोण कोण होतं ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. जे सापडले ते चेहऱ्यावरून ओळखण्यासारखे नव्हते.

"जुळवून बघायला तुमचं रक्त तर घेऊच," ऑफिसातला माणूस म्हणाला होता, "पण त्याला महिने लागतात. दातांचं काही आहे का तुमच्याकडे? एक्स-रे, साचा, काहीही?"

"साचा आहे!" ती म्हणाली होती. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू नेमकी आपल्या फळीवर निघावी तशी चटकन म्हणाली होती. फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्याच आवाजाची किळस आली.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. घरातला टीव्ही बंद पडला होता आणि दातवाली तो दुरुस्त करून आणत नव्हती. आईच्या लेखी धाकटा रुसला होता, म्हणून फोन करत नव्हता.

कसे जावे

"कामासाठी जाऊन येते," ती भाजी निवडणाऱ्या आईला म्हणाली. "तिकडे कवळ्या बनवायचं नवीन मशीन आलंय. डॉक्टर म्हणाले, बघून या."

"मग मी पण येते."

"तू काय करणार मशीन बघून?"

"मशीन तू बघ. मी राजवाडा बघते. कधीचा बोलावतोय तो. आणि एवढा फुगून बसलाय ना, समोर जाऊन उभी राहिले की बघू कसा बोलत नाही."

"आई, बसचा प्रवास आहे. तुझे गुडघे..."

"गुडघे बरोबरच घेऊन येईन बाई, घरी काय त्यांना भाजी करायला ठेवू?"

दातवालीने मग एकेक सबब काढली. बस खडखडते. तिकडचं पाणी बाधतं. लॉजमध्ये खोल्या मिळत नाहीत. आईने देठं एका बाजूला सारली आणि मान वर केली.

"लॉज कशाला हवाय? त्याची खोली आहे की."

 दातवाली उठून नळाखाली हात धुवायला लागली. हात स्वच्छच होते.

काय पाहावे

पहिल्यांदा दक्षिणेचा दरवाजा. तो एवढा उंच की हत्तीवर माणूस आणि माणसावर छत्री धरली तरी वरून कबुतरं उडायची. मग आरशांचा महाल. मग राणीची विहीर, जिच्यात डोकावलं की स्वतःचा चेहरा थोडा तरुण दिसतो. (हे तो सगळ्या बायकांना सांगायचा आणि बक्षिशी वाढायची.) मग तटबंदी, आणि तटबंदीवरून दिसणारं सगळं शहर, घुमट, पूल, मिनार, धूर.

हे सगळं आईला तोंडपाठ होतं. धाकटा फोनवर तिला राजवाडा फिरवायचा. इकडे आई डोळे मिटून खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "हळू चल रे, पायऱ्या आहेत ना?" तो थांबायचा. खरंच थांबायचा, बोलणं थांबवून. मग विचारायचा, "चढलीस का?"

आता आई रोज संध्याकाळी बेत आखायला बसायची. विहीर आधी की महाल आधी? उन्हं तापायच्या आत तटबंदी उरकायला हवी. दातवाली समोर बसून हो ला हो करायची. आईला घरी थोपवायचं कसं, हा एकच विचार तिच्या डोक्यात. शेजारणीला सांगून ठेवावं? पहाटे न सांगता निघून जावं? की तिथवर नेऊन एखाद्या बाकावर बसवावं आणि म्हणावं, जरा थांब, मशीन बघून आले?

"ऐकतेस ना?"

"हो. विहीर आधी."

"विहीर कुठे? तटबंदी म्हणाले मी! लक्ष कुठंय तुझं?"

काय पाहू नये

"एक आधीच सांगतो ताई," ऑफिसातला माणूस म्हणाला होता. "सगळं बघायची सक्ती नसते. फक्त जबडा दाखवतात. बाकी झाकलेलं असतं."

सोबत काय न्यावे

साचा काचेच्या कपाटात होता, कपबशांच्या शेजारी. कवळ्यांचं काम शिकायला लागली तेव्हा दातवालीने पहिला ठसा धाकट्याच्या तोंडाचा घेतला होता. तो ओकारीने बेजार झाला, आणि तरी हसत राहिला, म्हणून ठसा दोनदा घ्यावा लागला. त्यात प्लास्टर ओतून तिने वरचा आणि खालचा जबडा काढला. शिकाऊ हाताचं काम, एका बाजूला बुडबुडा राहिलेला. ती फेकणार होती, पण आईने हिसकावून घेतला. "माझ्या पोराचं हसू आहे ते, कचऱ्यात घालतेस?"

तेव्हापासून तिच्या हाताखालून गावभराची तोंडं गेली होती. धाकट्याचे दात तिला आता नीट आठवत नव्हते. आठवत होता तो बुडबुडा.

सोमवारी आई अंघोळीला गेल्यावर तिने कपाट उघडलं, साचा उचलला, खिडकीशी नेला.

सगळं गुळगुळीत. सुळ्यांना टोकं नव्हती. दाढांवरच्या खाचा बुजल्यासारख्या, समोरचे दात साबणाच्या वडीसारखे झिजलेले. दातादातांमधल्या फटीसुद्धा पुसट. कुणाचाही साचा असू शकला असता. कुणाचाच नसल्यासारखा.

आई केस पुसत बाहेर आली. "अगं, मळक्या हाताने धरू नकोस, चांगला घासलाय मी."

"काय केलाय?"

"घासलाय. त्याचा जुना ब्रश आहे ना, त्याने. तू कामाला गेलीस की रोज घासते. लहानपणी हातात सापडायचा का कधी? पळायचा नुसता. आता बसतो गुपचूप."

"पाण्याने?"

"मग काय तुपाने?"

"प्लास्टर आहे हे, आई!" दातवाली ओरडली. "पाण्याने झिजतं! सगळं घालवलंस तू! आता कशावरून ओळखणार ते?"

"कोण ओळखणार?"

नळ नीट बंद झाला नव्हता. दातवाली त्याकडे बघत राहिली.

"कोण? कोणाला ओळखणार, बोल की!"

मग दातवालीने सांगितलं. उभ्या उभ्या, साचा हातात धरून, आग, जिना, गज, मंगळवार.  आई टॉवेलची घडी करत राहिली. अर्धा, मग पाव, मग आणखी लहान, पुढे घडी पडेना तोवर.

"तो नसेलही," दातवाली शेवटी म्हणाली. "म्हणूनच तर जायचंय."

आईने हात पुढे केला. साचा घेतला, उलटा केला, आणि खालच्या जबड्यात अंगठा फिरवला. मागे, डावीकडे.

"इथे एक टोक होतं. शेवटून दुसऱ्या दाढेला, आतल्या अंगाला. बोट अडायचं माझं."

दातवालीने चाचपलं. काही नव्हतं.

"होतं," आई म्हणाली. "मीच घासलं ते. पण मला माहीत आहे कुठे होतं. आणि समोरचा एक दात जरासा वळलेला, दारात उभं राहून बाहेर डोकावल्यासारखा. वाकडा म्हणून तू चिडवायचीस त्याला." तिने साचा टेबलावर ठेवला. "तू नको बघूस. तुला आठवत नाही. मी हात लावून सांगते."

"आई, तुला ते झेपणार नाही."

"नाहीच झेपणार. म्हणून राजवाडा आधी."

"काय?"

"आधी राजवाडा बघायचा. सगळा. दरवाजा, महाल, विहीर. नंतर ते. एकदा ते बघितलं की त्या गावात मला दुसरं काही दिसणार नाही. त्याने एवढं सांगितलंय, ते तरी बघू दे."

तेथील लोकांशी बोलताना

ऑफिसातला माणूस सौजन्याने बोलला. त्याच्यामागे दुसरे फोन वाजत होते.

"मंगळवारी सकाळची वेळ दिलीये ना तुम्हाला?"

"ती दुपारची करून मिळेल का?"

"गाडी उशिरा पोचते?"

"नाही. सकाळी आम्हाला राजवाडा बघायचाय."



"ताई," तो म्हणाला, "तुम्हाला कळतंय ना तुम्ही कशासाठी येताय ते?"

"कळतंय. आई येणार आहे. ती हात लावून ओळखेल. लावू देतात का हात?"

"तसं कुणी विचारत नाही." तो म्हणाला. "साहेबांच्या कानावर घालतो. हातमोजे घालावे लागतील."

"मोज्यातून तिला कळणार नाही."

"घालतो म्हटलं ना कानावर. दुपारच्या सुट्टीनंतर या. पुढच्या दाराने नको, तिथे बातमीवाले असतात. मागून या."

तिने फोन ठेवला. आईने प्रवासाची पिशवी खुर्चीवर उघडून ठेवली होती आणि तिच्यात दोघींचे कपडे भरत होती. साचा टेबलावरच होता. तो तिने घेतला नाही.

"दुपारची मिळाली," दातवाली म्हणाली. "मागच्या दाराने जायचंय."

"बरं." आईने एक साडी बाहेर काढली, दुसरी आत ठेवली, पुन्हा पहिली घेतली. "तिथे चपला काढाव्या लागतात का गं?"

"राजवाड्यात?"

"नाही. तिथे."

दातवालीला ते माहीत नव्हतं. तिने परत फोन लावला.