चंद्रकळेतली थुई

अमेरिकेत अर्विंगला लेकाकडे राहणाऱ्या मालिनीताईंचा २००६ च्या संक्रांतीला एकच हट्ट होता. हळदीकुंकवाला नातीने, आन्याने, काळी चंद्रकळा नेसायची आणि त्यांनी स्वतः ओवलेले हलव्याचे दागिने घालायचे. त्यांच्या आईने त्यांना असंच सजवलं होतं.

"आजी, नो वे! मुंग्या लागतील मला!" आन्या म्हणाली.

धावून आली शेजारची थुई. व्हिएतनामी पोरगी, घर शेजारीच, पण राहायची कॉलेजच्या होस्टेलवर. परक्या सणाचा वास आला की हजर! हॅलोविनला चेटकीण, आयरिश लोकांच्या सणाला नखशिखान्त हिरवी, दिवाळीला दारात रांगोळी काढायला पुढे. आणि सगळ्याचे फोटो.

"आंटी, मी नेसते ना! प्लीज!"

हळदीकुंकवाच्या रविवारी सकाळी ती होस्टेलवरून थेट मालिनीताईंकडे आली. त्यांनी तिला चंद्रकळा नेसवली. डोक्यावर मुकुट, दंडावर बाजूबंद, गळ्यात हार. मालिनीताईंचा ऊर भरून आला. आन्याला दाखवावं, तर ती घरात नव्हती. "चल, तुझ्या आजीला दाखवू," म्हणत स्वतःची काळी साडी सावरत त्या थुईला घेऊन शेजारी गेल्या.

दार उघडताच थुईची आजी किंचाळलीच. मग व्हिएतनामीत जो तोंडाचा पट्टा सुटला!

थुईचं तोंड उतरलं. "आंटी, आज टेट. आमचं नवीन वर्ष. मी विसरलेच! आज काळं चालत नाही. आणि सकाळी घरात पहिलं पाऊल जो टाकतो, त्याच्यावर घराचं अख्खं वर्ष!"

"अगं, दुनियेचे सण लक्षात राहतात आणि घरचा..."

"आजी, सरक ना!" मागून आवाज आला. लाल रेशमी व्हिएतनामी झग्यात आन्या! "पहिलं पाऊल माझं आहे. त्या आजींनी मला कधीच सांगून ठेवलंय."

"आणि हा झगा चालतो वाटतं?" मालिनीताईंनी विचारलं.

"ह्यात मुंग्या येत नाहीत. आणि पैशांचं लाल पाकीट मिळतं!"

आन्या उजळ माथ्याने आत गेली. काळ्या साडीतल्या दोघी बाहेरच. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून दोन लाल शाली आल्या. थुईने एक झटकन लपेटली.

मालिनीताई मात्र शालीकडे बघत राहिल्या. काळा पदर झाकायचा, तोही संक्रांतीच्या दिवसांत? तेवढ्यात आतून आन्याचा आवाज आला. व्हिएतनामी शुभेच्छा अगदी घडाघडा! घरी तिला 'तिळगूळ घ्या' म्हणतानाही लाज वाटायची.

त्यांनी शाल ओढून घेतली आणि आत गेल्या. आन्या थुईच्या आजीपुढे कमरेत वाकली होती. नात इतकी वाकलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. कुणापुढे का असेना, बघून तरी घ्यावं.