वरातीतला बँड

आबुंदिओ उतारावरच्या मक्याला माती लावत होता. धुकं एवढं दाट, की पलीकडच्या सरीतला त्याचा चुलतभाऊ सेलेरिनो दिसत नव्हता. नुसता त्याच्या तोंडाचा पट्टा ऐकू येत होता.

"शनवारी मी न्हाई येनार, दादा. त्यो ट्युबा खांद्यावर घिऊन दगडी रस्त्यानं फुकत हिंडायचं, आन् हातात काय? जेवान आन् गाडीभाडं! वर त्यो ओक्ताविओ म्हनतो, तुमचं नाव हुतंय."

"हळू बोल."

"का म्हून? क्लॅरिनेटची पात आनायला कोंबड्या कुनी इकल्या? ओक्ताविओनं?"

आबुंदिओनं कुदळ थांबवली. गावच्या बँडचा तो म्होरक्या. चाली तोच बांधायचा, पोरांना तोच शिकवायचा. खाली ओहाका शहरात परदेशी माणसं लग्न लावायला येत. त्यांच्या वरातीचं कंत्राट ओक्ताविओकडं, आणि वरातीपुढं बँड ह्यांचा.

फुकट वाजवायचं आबुंदिओला वावडं नव्हतं. गावात कुणी गेलं, कुणाचं बारसं निघालं, तर बँड आपसूक हजर व्हायचा. मग तीच माणसं ह्यांच्या रानात कणसं मोडायला यायची. पण ओक्ताविओ कुणाच्या रानात आला होता?

"शनवारी बोलतो मी त्याच्याशी," आबुंदिओ म्हणाला.

शनिवारी चर्चच्या दारात त्यानं ओक्ताविओला गाठलं.

"मालक, गवंड्याला दिसाची जी मजुरी देता, तेवढी तरी आमा परत्येकाला द्या."

ओक्ताविओ हसला. "मामा, गवंडी भिंत बांधतो. तुम्ही तर हौसेनं वाजवता. चला, नवरी निघाली."

वरात चौकात आली. गाणं रंगात होतं, आणि आबुंदिओनं मधेच हात वर केला. क्लॅरिनेट दगडावर ठेवलं आणि खाली बसला. मागोमाग ट्युबा, ढोल, कर्णे सगळे खाली टेकले. चौक गप्प झाला.

आता कुणीतरी विचारील, का थांबलात म्हणून. काय सांगायचं ते आबुंदिओनं गाडीत मनाशी घोटून ठेवलं होतं.

पण विचारलं कुणीच नाही. ओक्ताविओ पाहुण्यांकडं वळून इंग्रजीत काहीतरी बोलला. पुरुषांनी टोप्या काढल्या. नवरी पांढऱ्या झग्यानिशी आबुंदिओसमोर गुडघ्यावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाई, हे आमाला पैसं देत न्हाईत," आबुंदिओ म्हणाला.

तिला त्याची बोली कुठली कळायला! "ग्रासियास," एवढाच आभाराचा शब्द म्हणाली ती आणि त्याचा हात कपाळाला लावला. चारी बाजूंनी फोन वर झाले. मग टाळ्या.

"काय सांगितलंस रं त्यास्नी?" आबुंदिओनं ओक्ताविओला विचारलं.

"वाडवडलांना मान द्यायला बसता म्हणून," ओक्ताविओ कानाशी येऊन म्हणाला. "लई आवडलं बघा! आता उठा."

ते उठले, पण वाजवलं नाही. वाद्यं काखोटीला मारून सरळ मोटारतळावर गेले.

त्या साली पाऊस उघडलाच नाही. गावाचं पैशाचं पीक कॉफीचं, तिच्या पानांवर तांबेरा रोग चढला आणि बिया झाडावरच काळ्या पडल्या. माणसं शहरात कामं हुडकत हिंडायला लागली. अशात ओक्ताविओचा फोन आला.

"मामा, झालं गेलं सोडा. येत्या शनवारी या. पैसे देतो, प्रत्येकाला. फक्त ते चौकातलं बसणं विसरू नका. लोक तेच मागतात."

"आन् वाजवायचं?"

"वाजवायचं पहिल्यासारखंच. जेवण, गाडीभाडं. पैसे बसायचे."

आबुंदिओनं फोन ठेवला आणि बँडला जसंच्या तसं सांगितलं. हसावं का रडावं, कुणाला कळेना. शेवटी सेलेरिनोच म्हणाला, "जाऊया, दादा. घरात दाना न्हाई."

चौकात ओक्ताविओनं बोट वर केलं. गाणं थांबलं. सगळे बसले. आबुंदिओ तेवढा क्लॅरिनेट छातीशी धरून उभा राहिला. पाहुण्यांनी टोप्या काढल्या, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळले.

सेलेरिनोनं खालून त्याची विजार ओढली. "दादा, बस की. आमचंबी पैसं कापंल त्यो."

आबुंदिओनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग क्लॅरिनेट ओल्या दगडावर ठेवलं आणि बसला.