राजनसाहेबांची सोपी वाट

मयेकरांच्या सुनेला, प्रभावतीला पहिली मुलगी झाली ते साल अठ्ठ्याण्णव, महिना श्रावणाचा. बारशाला बाळाचा आजोबा नव्हता. तो तिकडे आखातात, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात लोखंडी नळ्यांना रंग मारत उभा होता. सूर्यकांत मयेकर त्याचं नाव, गाव राजापूरकडचं, खाडीकाठचं, वय सत्तावन्न.

बारशाच्या संध्याकाळी फोनवर त्याची बायको कावेरी म्हणाली, "सतरा वर्षांत आठ रजा झाल्या तुमच्या, दोन-दोन महिन्यांच्या. म्हणजे आपला संसार किती, तर सोळा महिने. नातीला तरी हाडामांसाचा आजोबा बघू दे. आता या."

"येतो," सूर्यकांत म्हणाला.

"असं मागेही म्हणालात."

"या खेपेला येतोच."

दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. आपण दसऱ्याला घरी असू असा त्याचा अंदाज होता. दसरा गेला, दिवाळी गेली, डिसेंबर उजाडला, तरी व्हिसा कॅन्सल झाल्याचा कागद काही हातात पडेना. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आणि कागदाचं काम राजनसाहेबांकडे; दोन्ही हातात आल्याशिवाय देश सोडता येत नव्हता.

राजन बेहेरे हे कंपनीचे अ‍ॅडमिन मॅनेजर. मूळचे पुण्याचे, राहायला दुबईत अल मनखूलला, बायको प्रमिला आणि कॉलेजात जाणारी मुलगी आभा यांच्यासह. माणूस वाईट नव्हता. कुणावर कधी आवाज चढवायचे नाहीत. पण त्यांना एक वेड लागलं होतं आणि ते वेड सूर्यकांतच्या मानगुटीवर बसलं होतं.

झालं असं, की एक्क्याण्णव साली कंपनीने साहेबांना चार महिने इंग्लंडला ट्रेनिंगला पाठवलं होतं. राहण्याची सोय एका खेड्यात होती. तिथल्या घरमालकिणीने त्यांना एक पातळ पुस्तिका दिली. गावाभोवती हिंडायच्या बारा वाटा तीत छापलेल्या होत्या. कुठली वाट रानातून जाते, कुठली पाणथळीतून, कुठल्या ओकपाशी डावीकडे वळायचं, कुठलं फाटक उघडून परत लावायचं, सगळं तपशीलवार. आता साहेबांना साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि साहेबांनी ठरवलं की उम्म अल कुवैनची अशी एक पुस्तिका आपणच लिहायची.

राजीनामा द्यायला गेला तेव्हा सूर्यकांत भावनेच्या भरात बोलून गेला होता, "साहेब, मी खाडीकाठचा माणूस. आता खाडी बघत म्हातारा होऊ दे."

"खाडीकाठचे?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "अहो सूर्यकांतराव, मग तुम्हीच माझे माणूस! शुक्रवारी सुट्टी ना तुम्हाला?"

तेव्हापासून दर शुक्रवारी साहेबांची पांढरी गाडी कॅम्पाच्या फाटकात येऊन हॉर्न वाजवी. दोनशे माणसं बनियनवर दात घासत बघत. सूर्यकांतचा खोलीतला जोडीदार हनीफ, रत्नागिरीकडचा, मेसमध्ये भाकऱ्या थापणारा, रोज नवी टर काढी.

"जा बाबा जा. नवरदेवाची गाडी आली."

"तोंड सांभाळ हनीफ. कागद अडकलाय माझा."

"कागद अडकलाय की तू अडकलायस?"

एकेक वाट साहेब चार-पाच शुक्रवार चालून बघत, मगच ती पक्की होई. पहिली वाट फलज अल मुअल्लाच्या खजुरांच्या बागांतून निघाली. साहेबांनी वहीत लिहिलं, "वाट क्रमांक एक. सोपी. पाण्याच्या टाकीपासून उजवीकडे." दुसरी वाळूतल्या घाफच्या झाडांमधून. तिला प्रमिलाबाई आणि आभा दोघीही आल्या होत्या. बाईंच्या सँडलची टाच पहिल्याच टेकाडात रुतली.

"बघ आभा," साहेब हात पसरून म्हणाले, "हेच आपलं वुडलँड!"

"पप्पा, देअर आर ओन्ली नाइन ट्रीज."

"दहा आहेत."

"दॅट्स अ कॅमल, पप्पा."

त्या दिवसानंतर मायलेकी पुन्हा आल्या नाहीत. साहेब मात्र वहीत लिहीत होते, "घाफच्या तिसऱ्या झाडापाशी डावीकडे." सूर्यकांत उन्हात उभा राहून विचार करत होता, की या माणसाला कुठे पोहोचायचंच नाही. गाडीपासून निघायचं, तास-दीड तास पाय झिजवायचे आणि परत गाडीपाशीच यायचं. यापेक्षा घाण्याचा बैल बरा, निदान तेल तरी निघतं. आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी तो हळूच विचारी, "साहेब, माझा कागद?"

"इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात."

साहेब इन्शाल्ला म्हणाले की सूर्यकांत मनात आणखी एक महिना धरून ठेवी. अरब इन्शाल्ला म्हणतो तेव्हा निदान देवावर तरी सोडतो.

तिसरी वाट पाणथळीची. उम्म अल कुवैनच्या खाडीत तिवरांचं दाट रान आहे. मध्ये वाळूची बेटं, त्यांवर लांब पायांचे गुलाबी पक्षी. ओहोटीला मधले ओहोळ कोरडे पडतात आणि बेटापर्यंत चालत जाता येतं. साहेब महिनाभर या वाटेसाठी झुरत होते. "पाण्याची वेळ मात्र तुम्ही काढायची, सूर्यकांतराव. ते तुमचं शास्त्र."

सूर्यकांतने छाती फुगवून हो म्हटलं. इथेच चुकलं. सतरा वर्षांतली सोळा त्याने दुबईत सोनापूरच्या कॅम्पात काढली होती, समुद्राचं तोंड न बघता. या खाडीत त्याने पाऊलही घातलं नव्हतं. पण साहेबांना हे सांगायचं म्हणजे खाडीकाठचा म्हणून जी काय पत होती तीही गेली.

गुरुवारी त्याने भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात तिथी बघितली आणि बोटांवर गणित मांडलं. तिथीची पाऊणपट, ती भरतीची वेळ. आजाने शिकवलेलं. "उद्या मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा. पाऊण वाजता भरती. मग सात वाजेपर्यंत ओहोटीच ओहोटी. तीनला निघालो की पाणी आपल्यापुढे पळतंय."

"ते राजापूरचं झालं," हनीफ म्हणाला. "इथल्या कुठल्या मच्छीवाल्याला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? चंद्र तोच ना?"

"चंद्र तोच रे. पण दर्या तो आहे का?"

"तू भाकऱ्या थाप."

शुक्रवारी तीन वाजता ओहोळ जवळजवळ कोरडा होता. सूर्यकांतने तो हातानेच दाखवला, जणू स्वतः रिकामा केला होता. चप्पल हातात, लेंगा गुडघ्यापर्यंत, असा तो पुढे निघाला. मागून साहेब, पांढरे बूट, गळ्यात दुर्बीण, हातात वही. चिखलातून तिवरांच्या मुळांची बोटं वर आली होती, कुर्ल्या सरसर बिळात शिरत होत्या. साहेब दर दहा पावलांवर थांबत.

"अहो, हा कुठला बगळा?"

"बगळा, साहेब."

"पण कुठला?"

"भुकेला."

बेटावर पोहोचेपर्यंत चार वाजले. साहेबांनी थर्मासमधला बिनसाखरेचा चहा ओतला आणि वहीत लिहिलं, "वाट क्रमांक तीन. अगदी सोपी." मग त्यांनी दुर्बीण लावली, ती पंधरा-वीस मिनिटं काढलीच नाही. सूर्यकांतचं लक्ष मागे गेलं तेव्हा ओहोळ भरला होता. मघाचा चिखल दिसतच नव्हता. पाणी आवाज न करता तिवरांतून पुढे सरकत होतं.

तो धावत कडेला गेला. पाण्याचा रंग बघितला, वाहतं कुठे ते बघितलं. पाणी आत येत होतं.

"हे पाणी खोटं आहे!" तो ओरडला.

"म्हणजे?"

"आता ओहोटी असायला हवी. हे यायलाच नको!"

"सूर्यकांतराव, पाणी खोटं आहे?" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पाणी?"

अर्ध्या तासात बेट निम्मं झालं. दोघं सरकत सरकत मधल्या उंचवट्यावर आले. पाणी साहेबांच्या बुटात शिरलं, मग मोज्यांवर चढलं. त्यांनी वही डोक्यावर धरली. तोंड पांढरं पडलं होतं.

"तुम्हाला पोहता येतं ना?"

"येतं."

"मला येत नाही." साहेबांनी वही आणखी वर धरली. मग एकदम म्हणाले, "तुमचा कागद आलाय."

"काय?"

"तीन आठवडे झाले. सही, शिक्का, सगळं झालंय. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे."

सूर्यकांतला वाटलं, याला आत्ताच पाण्यात ढकलावं. "तीन आठवडे? साहेब, मी तिकडे फोनवर बायकोच्या शिव्या खातोय. कागद आला नाही, कागद आला नाही, म्हणून शपथा घेतोय! तिला वाटतंय मीच यायचं टाळतोय!"

"चुकलं माझं."

"चुकलं काय! कशासाठी?"

साहेबांनी पाण्याकडे बघितलं. "प्रमिला येत नाही. आभा येत नाही. ऑफिसचे लोक शुक्रवारी पत्ते कुटतात. रिकाम्या रस्त्यावर एकट्याने मला चालवत नाही हो. तुम्ही निदान भांडत भांडत का होईना, चालता. म्हटलं, एवढी तिसरी वाट होऊ दे, मग देऊ."

"पुस्तिकेपायी माझा संसार ड्रॉवरमध्ये ठेवलात?"

"आणि तुम्ही मला तिथीपायी बुडवायला आणलंत."

सूर्यकांतला ते पटलं. म्हणून तो जास्तच चिडला. पोहून गेलो तर दहा मिनिटांत काठाला, हे त्याला दिसत होतं. कागदावर सही होती. एक-दोन दिवसांत दुसरा कुणी साहेब ड्रॉवर उघडणारच होता. त्याने एकदा काठाकडे बघितलं, एकदा मांड्यांपर्यंत भिजलेल्या या पुणेकराकडे.

"जा तुम्ही," साहेब म्हणाले. "माणसं घेऊन या."

"तोवर तुम्ही उभे राहाल? पाय लटपटतायत तुमचे. तो बूट काढा आधी, चिखलात अडकेल. खांद्याला धरा माझ्या. तसं नाही, घट्ट धरा. आणि ती दुर्बीण टाका मेली."

"महाग आहे."

"टाका म्हणतो ना!"

साहेबांनी दुर्बीण टाकली नाही, पण खांदा घट्ट धरला. पाण्याखालच्या वाळूत दोघं एकमेकांना टेकून उभे राहिले आणि सूर्यकांत गळा फाटेपर्यंत हाका मारत राहिला. सूर्य टेकायच्या सुमाराला तिवरांआडून एक होडी आली. म्हातारा अरब कोळी, डोक्याला फडकं गुंडाळलेला. त्याने दोघांना कॉलर धरून आत ओढलं आणि काठाला लागेपर्यंत तोंड थांबवलं नाही.

"तुम लोग पागल? इधर पानी का अपना टाइम है. पूछा किसी को?"

"नहीं पूछा," साहेब म्हणाले.

"नहीं पूछा," सूर्यकांतही म्हणाला.

शनिवारी सकाळी साहेबांनी कागद आणि पासपोर्ट स्वतः साइटवर आणून दिला. नाक गळत होतं.

"पुढच्या शुक्रवारी तुम्ही इथेच असाल ना? चौथी वाट नुसती किनाऱ्याकिनाऱ्याने आहे."

"साहेब, खलास."

"खलास," साहेब म्हणाले आणि मागे न बघता ऑफिसकडे चालू लागले.

सूर्यकांत डिसेंबरच्या सतरा तारखेला घरी पोहोचला. कावेरीने दारातच विचारलं, "परत कधी जायचंय?" नाही म्हटलं तरी तिला खरं वाटेना. चार महिने तिने त्याची बॅग माळ्यावर टाकू दिली नाही. पुढे दोघांची रोज भांडणं झाली, चहात साखर किती आणि गोठ्याचं दार कुणी उघडं टाकलं, अशी. नात बोलायला लागली ती या भांडणांची नक्कल करतच.

कावेरी मयेकर ११ ऑगस्ट २००४ रोजी, बुधवारी सकाळी, रत्नागिरीच्या दवाखान्यात वारली. सूर्यकांत तिच्या उशाशी होता.